न फाटलेली पानं

आमच्या शाळेच्या लायब्ररीतली पुस्तकं गेली तीस वर्षं एकच माणूस शिवतो. मी त्यांना बाइंडरकाका म्हणते. शिक्षण सातवीपर्यंत, पण इंग्रजी शब्दांच्या कुळकथा तोंडपाठ. खळ वाळेपर्यंत हातातल्या डिक्शनरीची सुटलेली पानं वाचायची, हा त्यांचा नेम. न सुटलेलं पान उलटायचं नाही. दुसऱ्याची वस्तू कामापुरतीच उघडावी. विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा, कंपॅनियन म्हणजे ज्याच्याबरोबर पाव वाटून खाल्ला तो, हे मला त्यांनीच सांगितलं. मी ग्रंथपाल, पण मला कुठे माहीत होतं!

त्यांची नात आमच्याच पाचवीत. आजोबांना सगळेच्या सगळे शब्द येतात, असं तिने वर्गभर सांगून ठेवलेलं. मलाही भारी हौस, मी काकांना वर्गावर बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले. ब्रेकफास्ट म्हणजे उपास सोडणं, एवढं सांगून त्यांनी पोरांना खिशात घातलं. नातीचे पाय जमिनीवर नव्हते.

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "आणि स्कूल?"

नात काकांकडे टक लावून बघत होती.

"नाही येत," ते शेवटी म्हणाले. "डिक्शनरी फाटते ती पुढून नाहीतर मागून. मधलं माझ्याकडे कधी आलंच नाही."

वर्ग हसला. नातीने मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. मला माझाच राग आला.

चार दिवसांनी शाळेची मोठी डिक्शनरी माझ्या टेबलावर आली. पुढून धड, मागून धड, फक्त एसची पानं सुटलेली. पुस्तकं फाडणाऱ्यांची मी गय करत नाही. पण या वेळी मुकाट्याने ती उचलली आणि काकांच्या खोलीवर गेले. नात कोपऱ्यात गृहपाठ करत होती.

काकांनी पानांच्या कडेवरून बोट फिरवलं. दोरा ब्लेडने टाक्याटाक्याला कापलेला, एकाही पानाला ओरखडा नाही. असं काम घरातल्याच हाताला येतं. त्यांनी नातीकडे पाहिलं. आता हिची धडगत नाही, असं मला वाटलं.

"मोठ्याने वाचा ना, आजोबा," ती वहीतून डोकं न काढता म्हणाली. "उद्या वर्गात सांगायचंय, तुम्ही सांगितलं म्हणून."

काकांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. डोळे इतके भरून आले होते की त्यांना अक्षर दिसेना. शेवटी मीच वाचलं: स्कूल, मूळ ग्रीक, अर्थ फुरसत.