पायरीपाशी केलेली सही

ग्रामपंचायतीच्या कागदावर मी सलग अकरा वर्षं एकही ग्रामसभा चुकवलेली नव्हती. प्रत्यक्षात त्या सभागृहाचा उंबरा मी एकदाही ओलांडला नव्हता. दाराला तीन पायऱ्या, आणि माझ्याखाली चाकाची खुर्ची.

आमचं गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले. हात मात्र शाबूत, आणि जिभेचं तर विचारूच नका. मी शिवणकाम करते. मशीनला मोटार बसवून घेतलीय. गावातल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत, त्यामुळं माझ्याशी कुणी फारसं वाकड्यात शिरत नाही. दिवाळीच्या आधी तर अजिबातच नाही.

सभेला गेलं की दोघं-चौघं पुढं यायचे. "ताई, उचलून घेऊ की! त्यात काय एवढं?" त्यांच्या मनात वाईट नसायचं, ते मला कळतं. पण एकदा तळेगावात लग्नाला गेले असताना कार्यालयाच्या पायऱ्यांवर मला असंच उचललं होतं. काखेत परक्या पुरुषांचे हात, पदर कुठं, साडी कुठं, आणि सगळं वऱ्हाड बघतंय. त्या दिवशी मी कानाला खडा लावला.

मग पंचायतीच्या शिपाईमामांनी रीत पाडली. हजेरीचं रजिस्टर घेऊन ते खाली यायचे, मी पायरीपाशी सही करायची आणि घरी जायचं. "तुमाला कशाला तरास, ताई," म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मलाही तो मान वाटायचा.

गेल्या वर्षी मामा एक खोकं घेऊन घरी आले. आत भिंतीवरचं घड्याळ. दिव्यांगांसाठीच्या निधीतून प्रत्येकाला एकेक. गावात पायऱ्यांशिवाय एक दार नाही, आणि हे म्हणतात वेळ बघत बसा! मी तडक पंचायतीत गेले आणि पायरीखालूनच ओरडले, "हे कुणी ठरवलं?"

ग्रामसेवक भाऊसाहेब रजिस्टर घेऊनच बाहेर आले. शांतपणे पान उघडून माझ्यापुढं धरलं. "सभेनं ठरवलं, ताई. तुम्ही हजर होता. ही काय तुमची सही." मी म्हटलं, मला आत येताच येत नाही, आधी उतार करा. तर मागची पानं उलटत म्हणाले, "अडचण असती तर प्रत्येक सभेला हजेरी कशी लागली असती?"

सही माझीच होती. चांगली वळणदार.

दोन दिवस मशीनवर बसले, पण एक शिवण सरळ पडेना. उतार हवा तर एकच वाट होती. तिसऱ्या दिवशी अर्ज लिहिला : माझ्या आजवरच्या सगळ्या हजेऱ्या खोट्या आहेत, मी कधीही सभेत नव्हते, मला आत येता येईल असा उतार करावा. अर्ज थेट पंचायत समितीत दिला. तशा सह्या गावात आणखी किती घरांतून येतात ते सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळं धावपळ उडाली. पण पहिला सवाल आला तो मामांवर. रजिस्टर खाली नेलं कुणी? निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला लेखी खुलासा द्यावा लागला.

अर्जात मी मामांचा उल्लेख केला नव्हता. पण एवढं मला आधी सुचायला हवं होतं. की सुचलं होतं आणि मी डोळेझाक केली? मला अजून सांगता येत नाही.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी खाटेवरून मान वर केली नाही. "तुमच्यासाठीच करत हुतो मी, ताई."

"ठाऊक हाय, मामा. म्हणूनच एवढी वर्षं बोलले न्हाई. पण तुमच्या मायेपायी मी बाहेरच राहिले."

त्यानंतर रस्त्यात दिसले तरी नजर चुकवून जायचे. मला फार लागायचं ते.

उताराचं काम निघालं तेव्हा गवंडी म्हणाला, सात फुटांत बसवतो. मी म्हटलं, बाबा, त्यावरून मी उतरणार नाही, गडगडणार! टेप काढून पायऱ्या मोजल्या. एकवीस इंच चढ, खुर्चीला इंचामागं फूटभर उतार लागतो, म्हणजे एकवीस फूट लांबी हवी. जागा तेवढी नाही म्हणाला. "मग वळव की. कापड कमी पडलं तर आम्ही बेतात बसवतोच ना?" वहीत ब्लाउजच्या मापांखाली त्याला चित्र काढून दिलं. कुरकुर करत त्यानं तसाच केला.

सभेच्या दिवशी मी उताराच्या तोंडाशी आले. मामा दारात उभे होते, बगलेत रजिस्टर. सवयीनं एक पायरी खाली उतरले आणि थबकले. माझ्याकडं बघितलं, किती दिवसांनी. मग मागं फिरून आत गेले.

मागून कुणीतरी खुर्ची ढकलायला हात घातला. "हात काढा," मी म्हटलं. वळणावर दम लागला, थांबले, परत चाकं ओढली. उंबऱ्याच्या आत गेले तेव्हा तळहात हुळहुळत होते आणि डोळ्यांपुढं सगळं पुसट झालं होतं. हो, रडत होते मी.

मामांनी टेबलाजवळची एक खुर्ची काढून माझ्यासाठी जागा केली होती. रजिस्टर तिथंच उघडं होतं. मी पेन उचललं, तर त्यांनी पानावर हात ठेवला.

"आधी सभा हू द्या, ताई," ते म्हणाले. "सही शेवटी करा."