न मारलेली हाक

हिर्डोशीच्या रत्नाचं डोकं नववीतच घराच्या चौकटीला लागायला लागलं. आई, धोंडाबाई, रोज ओरडायची, "अगं बया, वाक की जरा! कपाळमोक्ष करून घिशील." रत्ना वाकायची नाही. कपाळाला टेंगूळ आलं तरी तशीच ताठ बाहेर पडायची.

गावाहून भोरची शाळा एसटीच्या भरवशावर होईना, म्हणून ती भोरजवळच्या उत्रोलीला हनुमंतमामाकडे राहायला आली. शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचे दोन खांब होते. सरांनी तिची उंची बघून हातात चेंडू दिला, आणि महिन्याभरात ती शुभ्राची जोडीदार झाली.

शुभ्रा भोरमधल्या दीनानाथरावांची मुलगी. वडील बँकेत साहेब. अंगानं लहानखुरी, पण पायांत वारं. चेंडू पुढं घेऊन जाणं हे तिचं काम आणि कडीपाशी उभं राहून तो आत टाकणं हे रत्नाचं. शुभ्रा न बघताच चेंडू वर भिरकावायची आणि रत्ना तो हवेतच धरायची. तालुक्यात त्या दोघींना कुणी हरवलं नाही. सोळाव्या वर्षी दोघींना पुण्याच्या क्रीडा वसतिगृहाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं. राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. पण भोर-वेल्ह्यातून एकच मुलगी घेणार होते.

चाचणीच्या सकाळी शुभ्रानं तिला एकदाही चेंडू दिला नाही.

रत्ना मोकळी उभी होती. हात वर करून "शुभ्रे! शुभ्रे!" म्हणून ओरडत होती. दोनदा तर दोघींची नजरानजर झाली. शुभ्रानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि चेंडू दुसरीकडे दिला. बाजूला बसलेले निवड करणारे एकमेकांत बोलले ते रत्नाच्या कानावर आलं, "उंची आहे, पण नुसती खांबासारखी उभी राहते."

निवड शुभ्राची झाली. परतताना गाडीत ती आईच्या हातचा लाडू खात होती. अर्धा मोडून तिनं रत्नाला दिला. "वाईट वाटून घेऊ नको गं," म्हणाली. रत्नानं तो खिडकीतून बाहेर टाकला.

धोंडाबाई जाब विचारायला दीनानाथरावांच्या दारात गेली. त्यांनी तिला आतही बोलावलं नाही. ओट्यावरूनच म्हणाले, "नुसती उंची म्हणजे खेळ नव्हे, बाई." धोंडाबाई तशीच मागं फिरली. घरी आल्यावर मात्र चुलीपुढं बसून तिनं कडाकडा बोटं मोडली. "तळपट हुईल त्यांचं. माझ्या डोळ्यांदेखत हुईल."

बारावीनंतर रत्ना शिरवळला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. दिवसभर डबे भरायचे आणि सुटी झाली की भोरला उतरून शाळेच्या मैदानावर जायचं. शिपाई ओळखीचा होता, तो फाटक उघडून द्यायचा. एकटीच चेंडू मारायची. हात भरून आले की तिला तो अर्धा लाडू आठवायचा, आणि मग अजून शंभर मारायची. कंपनीत असताना आलेल्या स्थळांना ती सरळ सांगायची, "मला अजून येक काम उरलंय."

कारखान्यांच्या आपापसातल्या स्पर्धेत तिला सुलक्षणा मॅडमनी पाहिलं. त्या पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या. या संघात मुलींना खेळायचाच पगार मिळायचा. मॅडमनी विचारलं, "इतके दिवस होतीस कुठं?"

"डबे भरत व्हते, मॅडम."

मॅडमनी तिला घेतलं. पहिल्या दिवशी सरावाला गेली तर कप्तान म्हणून समोर शुभ्रा.

शुभ्रा धावत आली, गळ्यात पडली. "अगं रत्ना! शाळेत काय मज्जा यायची ना आपल्याला? तू खेळ मध्येच का सोडलास?"

हिला आठवतच नव्हतं. रत्नाची सगळी उमेदीची वर्षं ज्या एका सकाळनं खाल्ली, ती सकाळ हिच्या लेखी घडलीच नव्हती. रत्ना हसून म्हणाली, "घरची अडचण व्हती." आणि मनात म्हणाली, आता थांब.

कोपर मारणं सोपं होतं, पण ते पंच बघतो. रत्ना घाई करणारी नव्हती. दोन हंगाम ती शुभ्रासाठी राबली. शुभ्राचा चेंडू निसटला की धावून आणायची, तिच्या अंगावर कुणी आलं की मध्ये उभी राहायची. शुभ्रा सगळ्यांना सांगायची, "रत्ना मागं असली की मला पाठीकडे बघावंच लागत नाही."

हेच रत्नाला हवं होतं.

बास्केटबॉलमध्ये एक डाव असतो. तुम्ही समोरच्या संघाच्या चेंडूवालीला अडवत मागं मागं सरकत असता, तेव्हा तिची एखादी धिप्पाड सोबतीण तुमच्या पाठीशी येऊन पाय रोवून उभी राहते. त्याला स्क्रीन म्हणतात. तुम्हाला ती दिसत नाही. तुमच्या मागच्या साथीदारानं हाक मारून सांगायचं, "स्क्रीन, उजवीकडं!" ती हाक आली नाही तर माणूस भिंतीवर आदळावं तसं आदळतं. हाक मारली नाही म्हणून कुठलाच पंच शिट्टी वाजवत नाही.

दुसऱ्या हंगामातल्या मोठ्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता. भारतीय संघाच्या शिबिरासाठी मुली निवडणारे लोक समोरच बसले होते आणि शुभ्राचं नाव जवळपास पक्कं होतं, हे संघात सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या काही मिनिटांत शुभ्रा चेंडूवालीला अडवत जोरात मागं येत होती. रत्ना जिला अडवत होती ती दांडगी मुलगी अचानक पुढं सरकली आणि शुभ्राच्या उजव्या बाजूला पाय रोवून उभी राहिली. रत्नाला ते स्वच्छ दिसलं. हाक घशापर्यंत आली. तिनं ओठ मिटले.

काडकन आवाज आला. शुभ्रा खाली पडली ती उठलीच नाही.

उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. शिबिर गेलं. दवाखान्यात शुभ्रानं बाकीच्या मुलींना बाहेर जायला सांगितलं.

"तू मागंच होतीस ना? हाक का नाही मारलीस?"

"निवड चाचणीत तू मला चेंडू का न्हाई दिलास?"

कुठली चाचणी, असं शुभ्रानं विचारलं नाही. म्हणजे तिला आठवत होतं. विसरली होती असं ती दाखवत आली होती, इतकंच. मग डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं, एकीलाच घेणार आहेत म्हणून. मी सोळा वर्षांची होते गं."

"म्या पण सोळाचीच व्हते," रत्ना म्हणाली आणि दार ओढून घेऊन निघाली.

दोन दिवसांनी सुलक्षणा मॅडमनी तिला बोलावलं. त्यांनी सामन्याचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. "तोंड मिटलेलं आहे तुझं," त्या म्हणाल्या. "सगळ्या सामन्यात तू ओरडतेस. तेवढ्या एका क्षणी नाही."

मग त्यांनी चित्रण बंद केलं.

"मी हे कुणाला सांगणार नाही. पण पुढच्या हंगामात तू माझ्या संघात नसशील. मला पाठीशी असलं माणूस नको."

रत्नानं बॅग भरली आणि हिर्डोशी गाठली. धोंडाबाई नाचणीच्या भाकरी थापत होती. रत्नानं तिला काहीही न लपवता सगळं सांगितलं. ऐकताना म्हातारीचा हात थांबला.

"हाड मोडलं?"

"व्हय."

"कुठलं? उजवं का डावं?"

"उजवं."

धोंडाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "बस जेवायला," म्हणाली. त्या दिवशी तिनं लेकीच्या भाकरीवर दोनदा तूप घातलं.

पुढं रत्ना नागपूरच्या एका संघाकडून खेळायला लागली, अजून खेळते. चार-दोन चषक मिळाले, एकदा राज्याचं कप्तानपदही आलं. शुभ्राचा खांदा जुळला, पण लांबून मारलेला तिचा चेंडू पुन्हा कडीपर्यंत नीट पोचला नाही. तिनं खेळ सोडला, लग्न केलं.

यंदा दिवाळीच्या सुटीत भोरच्या स्टँडवर दोघी समोरासमोर आल्या. शुभ्राच्या कडेवर, डाव्या कडेवर, लहान मुलगी होती. शुभ्रा थांबली. तिला टाळता आलं असतं.

"अजून खेळतेस?"

"व्हय."

"गुडघे?"

"दुखत्यात."

शुभ्रानं कपाळावरची बट मागं सारायला उजवा हात उचलला, तो खांद्याच्या वर गेला नाही. मग तिनं मान झटकून बट बाजूला केली. रत्नानं नजर वळवली नाही. सगळं नीट पाहून घेतलं. हे पाहिल्यावर आपलं पोट भरेल असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. भरलं नाही. दीनानाथरावांचा ओटा, आईचं तोंड पाडून परतणं, डब्यांवर डबे भरण्यात गेलेली ती वर्षं, एवढ्या सगळ्याला एक खांदा कमीच पडत होता.

हिर्डोशीची गाडी लागली. रत्ना न वाकता, तशीच ताठ आत शिरली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.