दुपारची झोप, विनाथांबा

आमची पोरगी आठ महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्यामुळे घरातले सगळे माझ्याशी समजूतदारपणे वागायला लागले. मला समजूतदार माणसं सहन होत नाहीत. शेंद्र्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणीच्या कामाला आहे. माल बरोबर आहे की नाही, एवढंच आम्ही बघतो. मालाला समजून घेत बसत नाही.

म्हणून मी सरळ जाहीर केलं, एक महिना बघते. पोरीची दिवसाची झोप नीट बसली तर नोकरी चालू, नाही बसली तर राजीनामा. नवरा म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे वाक्य तो इतक्या प्रेमानं म्हणतो, की काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. सासू कांदा चिरत होती, ती चिरतच राहिली. सासरे तेवढे म्हणाले, "टाइमटेबल दे."

सासरे बसस्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी किती वाजता फलाटाला लागली, किती वाजता सुटली, का उशीर झाला, हे लिहायचं आणि माईकवरून ओरडायचं, यात त्यांचा सगळा जन्म गेला. उभ्या नोकरीत आपण एकही खोटी नोंद केली नाही, हे ते मला बघायला आले होते तेव्हाच सांगून गेले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी आणि समोर हा माणूस गाड्यांच्या नोंदीबद्दल बोलतोय. माझ्या आईला वाटलं, स्थळ हातचं गेलं. मला मात्र ते तिथंच आवडले.

टाइमटेबल माझ्याकडं तयार होतं. मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं होतं, त्यात बाळाचं वय टाकलं की ते बाळानं कधी झोपायचं ते सांगतं. दोन झोपांच्या मध्ये बाळ जागं राहतं त्या वेळेला ते वेक विंडो म्हणतं. मी हे सासूला समजावून सांगितलं.

"खिडकी?" सासू म्हणाली. "कोणती? कूलरची?"

"तशी नाही, आई. जागं राहायची खिडकी."

"मंग लाव की ती. ऊन लई येतं तिच्यातून."

सासऱ्यांना मात्र ॲप पटलं. त्यांनी जुन्या डायरीत रकाने आखले. सकाळची झोप साडेनऊ ते साडेदहा, दुपारची एक ते तीन, संध्याकाळची छोटी साडेपाच ते सहा. मध्येच न उठता झोपली तर 'विनाथांबा'. दुधासाठी उठली तर 'विनंती थांबा'. शी केली तर 'तांत्रिक कारण'. मला वाटलं, चेष्टा करतायत. पण पहिल्याच दिवशी त्यांनी पोरीला खांद्यावर घेतलं आणि खोलीभर फिरत, नाकातून, घोषणा केली, की साडेनऊची झोप फलाट क्रमांक एकवर लागत आहे, प्रवाशांनी गर्दी करू नये. पोरगी खदखदून हसली. झोपायच्या वेळेला लेकराला हसवू नये असं ॲपमध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं.

आमच्या मुकुंदवाडीत लेकराला झोपवणं हे तसंही सगळ्या गल्लीच्या विरुद्ध जाऊन करायचं काम आहे. सकाळी भंगारवाला, त्याच्यामागं "लसून ले लो, लसून" करणारा, त्याच्यामागं गॅसची गाडी. दुपारी सासऱ्यांचे मित्र. जिन्याखालून कुणी खणखणीत "जय भीम" ठोकला, की सासरे ओठांवर बोट ठेवून कुजबुजत "जय भीम" परत करायचे. नळाचा दिवस असला की घराघरातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, आणि गंमत म्हणजे त्या गदारोळात पोरगी गाढ झोपायची. पाणी गेलं, मोटारी बंद पडल्या, की शांततेनं दचकून उठायची. पण नळ आठवड्यातून एकदाच येणार, त्यामुळे त्याचा भरवसा धरून नोकरी करता येत नव्हती.

मी कामावर जायला लागले. सकाळी सात वाजता रस्त्याच्या कडेला कंपनीची बस, संध्याकाळी साडेसहाला घरी. आल्या आल्या आधी हात धुवायचे, मग पोरीला घ्यायचं, मग डायरी. डायरी अशी सुंदर येत होती की काय सांगू. सोमवारी दुपारी एक ते तीन, विनाथांबा. मंगळवारी एक ते दोन पंचावन्न, विनाथांबा. बुधवारी एक पाच ते तीन, विनंती थांबा एक. पोरगी साडेसात वाजताच पेंगायची आणि ओंडक्यासारखी झोपायची. मी डब्याच्या सुट्टीत सगळ्या बायकांना ॲपचं नाव सांगत सुटले. एकीनं विचारलं, खरंच चालतं का गं? मी म्हटलं, पुरावा आहे माझ्याकडं, लेखी.

आता सांगायची लाज वाटते. मोजमापाचे आकडे असे गुण्यागोविंदानं एका रेषेत यायला लागले, की कारखान्यात आम्ही आधी मोजायचं साधन तपासतो आणि मग मोजणाऱ्या माणसाकडं बघतो. एकदा एका ऑपरेटरला मी याच कारणावरून चार लोकांत झापलं होतं. लोखंडाचं यंत्र इतकं नीट वागत नाही, तर आठ महिन्यांचं लेकरू काय वागणार? पण मला ते बघायचं नव्हतं. मला नोकरी हवी होती. घरात सगळ्यांना मी "बघू, महिनाभर बघू" असं तोंड वाकडं करून सांगत होते, आणि आतून डायरीच्या प्रत्येक पानाला घाबरत होते.

तिसऱ्या आठवड्यात एका दिवशी आमची लाइन दुरुस्तीसाठी बंद ठेवली आणि दुपारीच आम्हाला सोडलं. दीड वाजता मी आमच्या जिन्याखाली उभी होते. वर पोरगी झोपलेली असणार म्हणून मी कारखान्याचे जड बूट खालीच काढून हातात घेतले आणि तापलेल्या पायऱ्यांवरून अनवाणी, टाचा उचलत वर गेले. शेजारीण कपडे वाळत घालता घालता माझ्याकडं बघत राहिली. स्वतःच्या घरी चोरासारखी येणारी सून तिनं पहिल्यांदा बघितली असावी.

दार उघडंच होतं. पोरगी सासऱ्यांच्या कडेवर होती, टक्क जागी. काजळ गालभर पसरलेलं, डोळे सुजलेले, हातात काकडीचा तुकडा. सासरे माझ्याकडं पाठ करून तिला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवत होते. आणि टेबलावर डायरी उघडी होती. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं, दुपार, एक ते तीन पाच, विनाथांबा. तीन वाजायला अजून दीड तास होता. खाली संध्याकाळची झोपही भरून ठेवलेली होती. मला त्या पाच मिनिटांचा सगळ्यात जास्त राग आला. खरं वाटावं म्हणून घातलेली पाच मिनिटं.

"बाबा," मी म्हटलं, "हे काय आहे?"

पोरीनं माझा आवाज ऐकला आणि हात पसरून अशी रडायला सुरुवात केली, की पुढचा वेळ कुणालाच बोलता आलं नाही. माझ्या खांद्यावर डोकं टाकून ती दोन मिनिटांत झोपली. वेळ एक पन्नास.

"रोज असंच?" मी हळू आवाजात विचारलं. हळू आवाजात भांडणं फार अवघड असतं.

"सकाळची झोपती," सासरे म्हणाले. "ती नोंद खरी हाय. दुपारची नाय झोपत. रडती जरा. दाराकडं बघती."

"आणि तुम्ही लिहिता विनाथांबा. तुम्ही!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "गाडी उशिरा आली म्हणून कुणी रूट बंद करतंय का, माय?"

मला या उत्तरानं आणखी संताप आला, कारण ते चांगलं उत्तर होतं. पोरीला गादीवर ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. सासू खाली बसून मेथी निवडत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं आणि तिला हे आधीपासून माहीत होतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"मी उद्या राजीनामा देते," मी म्हटलं. "मी आधीच सांगितलं होतं. इथं लेकरू रडतंय आणि मी तिकडं नटबोल्ट मोजत बसलेय. आणि बाबा खोटं लिहितायत. मला नाही सहन होत."

"बस खाली," सासू म्हणाली. "ह्या काड्या काढ."

मी काड्या काढायला बसले. तिनं अर्धी जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "मी बी शाळेवर होते. तुला ठाव नसंल."

मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षं त्या घरात राहून मला ठाऊक नव्हतं.

"सोयगावकडं. बाई म्हनायचे मला पोरं. तुझा नवरा एवढाच होता, इथं माझ्या सासूपाशी. मी शनिवारी यायची, सोमवारी पहाटं परत जायची. तवा फोन कुठं होते? मंग हे ड्यूटीवरून आले की आईला विचारून कागदावर लिहून ठेवायचे. लेकरू किती झोपलं, किती रडलं. शनिवारी मी आले की कागद माझ्या हातात."

"मग?"

"मंग काय. सोमवारी रडलं. मंगळवारी लई रडलं. बुधवारी झोपलं नाय. असा आठवड्याचा कागद. दिवाळीपस्तोर वाचले मी. दिवाळीनंतर गेलेच नाय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मेथीची जुडी बाजूला ठेवून तिनं दुसरी ओढली.

"एकबी खोटं नव्हतं त्या कागदात," ती म्हणाली. "ह्यांनी एक तरी खोटं लिव्हायला पायजे होतं."

बाहेर सासरे खुर्ची सरकवल्याचा आवाज न होऊ देता बसत होते. पोरगी झोपली होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, तिथंच मेथीवर वाकून रडले, आणि सासूनं भाजी ओली होईल म्हणून परात माझ्यापुढून काढून घेतली.

"उद्या डब्याला हीच देऊ का?" तिनं विचारलं.

"हीच द्या," मी म्हटलं.