वडगाव रासाईचा काळा फोटो

"फोटो काढायला शिरूरला? लोक लडाखला जातात!" घरचे हसले. हसोत बापडे. शिरूर तालुक्यातलं वडगाव रासाई हे माझ्या वर्गमैत्रिणीचं, सुरेखाचं माहेर, आणि तिच्या आईवडिलांचा जोडीने एकही फोटो नव्हता. आबा कधी तयारच व्हायचे नाहीत. या खेपेला माईंनी, म्हणजे तिच्या आईने, त्यांना कसंबसं राजी केलं होतं. मी लगेच बॅग भरली.

पुण्याहून शिरूरची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यात खिडकीची जागा, आणखी काय हवं? वाघोलीची कोंडी आणि कारेगावात सुटणारी कंपन्यांची शिफ्ट धरून मात्र वेळ हाताशी ठेवा. शिरूरला सुरेखा गाडी घेऊन आली होती. स्टँडजवळ भेळ खाल्ली आणि न्हावऱ्यामार्गे, उसातून वाट काढत वडगावला पोचलो.

संध्याकाळी दोघांना भीमेच्या काठी पायरीवर बसवलं. माईंची ठेवणीतली नऊवारी, आबांचा कडक फेटा, आणि मधे हातभर अंतर.

"आबा, जरा जवळ सरकता?"

"हाय ते ठीक हाय. एकच काढ."

मला पाण्यावरच्या उन्हाचा मोह झाला आणि तिथेच माती खाल्ली. ऊन त्यांच्या पाठीमागे, त्यामुळे स्क्रीनवर नुसत्या दोन काळ्या आकृत्या. आबांनी डोकावून पाहिलं.

"ही काय आमची भुतं काढलीस व्हय?" म्हणाले आणि उठून चालू लागले. माई मागोमाग गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सगळेच सुरेखाच्या दौंडच्या घरी आलो. पुण्याची ट्रेन मला तिथूनच सोयीची होती. चहा होईपर्यंत लॅपटॉप उघडला. फोटो रॉमध्ये काढला होता, एवढीच आशा. रॉ म्हणजे कॅमेऱ्याला दिसलेलं सगळं न शिजवता ठेवलेलं; तिखटमीठ आपण नंतर घालायचं. आधी आभाळाचा उजेड उतरवला, मग अंधारा भाग उजळणारी 'शॅडोज'ची पट्टी हळूहळू सरकवली. माईंचं कुंकू उमटलं. आबांच्या मिशा आल्या. आणखी सरकवली तेव्हा हात दिसले. अंतर राखून बसलेल्या आबांनी माईंच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"अगं बया!" सुरेखा ओरडली.

आबा चष्मा सावरत आले आणि कानापर्यंत लाल झाले. "पोरी, त्येवढं परत काळं कर. लोकं काय म्हंतील?"

करायला काहीच कठीण नव्हतं. मी माईंकडे पाहिलं.

"काळं करायचं न्हाई," माई म्हणाल्या. आबांपुढे एवढ्या ठासून बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. "आख्ख्या जल्मात एकदा धरलाय, तर दिसू द्या की."

आबांनी वाकून फोटो पुन्हा न्याहाळला. मग म्हणाले, "मंग मिशा तरी काळ्या कर."

पुण्यात आल्यावर मोठा प्रिंट काढून पाठवला, पांढऱ्या मिशांसकट. बाकीचे फोटो, उसाचे, नदीचे, मी अजून उघडलेलेही नाहीत. हा मात्र रोज उघडते आणि दर वेळी भरून येतं. माईंनी तो दारासमोरच्या भिंतीवर लावलाय. आबा कुरकुरले म्हणे. पण सुरेखा सांगते, रोज सकाळी त्याची काच पुसतात ते आबाच.