लोकसभेत विचारलेले आमचे बेकार

मॅट्रिक होऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि गिरीजच्या आमच्या वाडीत केळीला पाणी लावण्यापलीकडे त्या विद्येचा काही उपयोग झालेला नव्हता. पहिली लोकसभा नुकतीच बसली होती. गावातले एक निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पेपरातली लोकसभेची प्रश्नोत्तरं मोठ्यानं वाचायचे आणि मंत्र्यांच्या उत्तरांना गुण द्यायचे. बहुतेक मंत्री नापास व्हायचे.

एकदा मी म्हटलं, "मास्तर, आमच्याबद्दल का कुणी विचारत नाही?"

"विचारायला लावू की. घे कागद."

आम्ही आमच्या भागाच्या सभासदांना पत्र लिहिलं. वसई तालुक्यात मॅट्रिक होऊन घरी बसलेली मुलं किती, आणि सरकार त्यांचं काय करणार, एवढं सभागृहात विचारा. मास्तरांनी माझ्या शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या. "तुला नोकरी का नाही, ते कळलं," म्हणाले.

सभासद भले गृहस्थ. त्यांनी प्रश्न खरंच विचारला! उत्तर पेपरात आलं : माहिती गोळा करण्यात येत आहे. मास्तरांनी शून्य दिलं.

पण माहिती खरोखरच गोळा होऊ लागली. त्यासाठी तालुक्याच्या कचेरीला एक हंगामी कारकून हवा होता, मॅट्रिक झालेला. मी अर्ज केला आणि चिकटलो. बेकार मोजायला निघालेल्या सरकारनं पहिल्याच दिवशी एक बेकार कमी केला.

सुरुवात शेजारच्या मावशीपासून केली. तिचा मुलगा माझ्याच वर्गातला, दुपारपर्यंत झोपणारा.

"मावशी, याचं नाव बेकारांत लिहू?"

"बेकार? माझा मुलगा?" मावशीनं हातातला कोयता खाली ठेवला, म्हणून बरं. "यंदा लग्न करायचंय त्याचं. बागायतदार लिही!"

"लिही रे बेकार," आतून खाटेवरून आवाज आला.

"तू गप!"

मी बागायतदार लिहिलं.

नायगावला एका मिठागरवाल्या काकांनी मला आधी पाणी पाजलं आणि मग झापलं. "बेकार कोन? आगरात पानी कोन घेतो मग?" त्यांच्या पाठीमागे उभा राहून मुलगा दोन्ही हातांनी 'लिही, लिही' अशा खुणा करत होता. काकांनी वळून पाहिलं, तसा तो डास मारू लागला. कामणला तर दोन खरेखुरे बेकार मला पाहून मागच्या दारानं रानात पळाले. मी सैन्यात धरून न्यायला आलोय, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

महिनाभर सायकल हाणून माझ्या तक्त्यात जेमतेम चार नावं जमली. मनाला लागलं, म्हणून पाचवं नाव माझंच घालायला गेलो. हेडक्लार्कनं ते लाल शाईनं खोडलं. "तू सरकारी नोकर आहेस. बेकार कसला?"

पुढच्या अधिवेशनात उत्तर आलं. मास्तरांनी ते सावकाश वाचलं : सदर तालुक्यात सुशिक्षितांच्या बेकारीचा प्रश्न गंभीर स्वरूपाचा नाही. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ही माहिती कुणी गोळा केली?"

"मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर मात्र आधी गालांत, मग पोट धरून इतके हसले की त्यांच्या बायकोला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यावं लागलं.

त्याच आठवड्यात कचेरीनं कळवलं की माहिती जमली, आता कारकुनाची गरज नाही. मी घरी सांगितलं, तर आईनं तोंडावर बोट ठेवलं. "कुणाजवळ बोलू नकोस. सरकारी मुलगा म्हणून तीन ठिकाणांहून विचारणा आली आहे."

जूनमध्ये मास्तरांच्या चिठ्ठीवर मला एका शाळेत नोकरी लागली. तोवर चार महिने मी रोज सकाळी धुतलेला सदरा घालून, सगळ्यांना दिसेलसा पुढच्या दारानं निघत होतो आणि वळसा घालून मागच्या कुंपणातून वाडीत शिरत होतो. कुंपणाला तेवढी फट आईनंच करून ठेवली होती.