गुरांमागे गेलेले काका

ओहायोतल्या डब्लिन गावच्या तळ्याला सुमेधासोबत दुसरी फेरी मारताना अच्युतकाका एकदम हसत सुटले. आदल्या दिवशी लायब्ररीत त्यांनी एक ग्रीक नाटक पाहिलं होतं. भविष्य टाळायला पळालेला राजा नेमका त्याच्याच तोंडी जाऊन पडतो.

"सुमेधा, अगं, तो मीच की!"

काकांच्या लहानपणी ज्योतिष्याने सांगितलं होतं, पोरगा गुरांमागे जाईल. वडिलांनी घाबरून म्हशी विकल्या, काकांना इंजिनिअर करून अमेरिकेला धाडलं. नोकरी लागली दूध काढायच्या यंत्रांच्या कंपनीत! चाळीस वर्षं ओहायोच्या गोठ्यांत गेली.

सुमेधाही हसली. तिला ज्योतिष येत होतं, काकांच्या नव्या नातीची पत्रिका तीच मांडणार होती. काका मात्र थांबले.

"आमचा लेक माझ्या बाबांवर गेलाय, घाबरट. पत्रिका मांड, देवापुढे ठेव. पण वाईट दिसलं तर त्याला सांगू नकोस हं, पोरीला उगाच पळवत बसेल."