मोठ्या बाबांच्या गाडीचं नाव

इतिहासात एम.ए. करणाऱ्या मुलीला घरात कोणी विचारत नाही, याची मला सवय झाली होती. एका गाडीपायी माझी किंमत अचानक वाढली आणि माझे सगळे रविवार मातीत गेले.

ती गाडी मोठ्या बाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची. आजोबांनी ती एका विलायतेला परत चाललेल्या गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. पितळेचे दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, आणि हॉर्न असा, की गल्लीतल्या म्हशी त्याला उत्तर द्यायच्या. सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात नागपुरात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघायचं ठरलं आणि मोठे बाबा पेटले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पुढच्या वर्षी गाडी चालवता येईल याचा भरवसा नव्हता. एकदा तरी ती सिव्हिल लाइन्समधून मानानं जावी, एवढंच त्यांना हवं होतं.

अडचण एकच. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगायचं, साक्षीदार द्यायचा आणि ते नाव मोठ्या अक्षरांत गाडीच्या समोर लावायचं, असा नियम होता. आणि आमच्या गाडीवरची नावाची पाटी कधीच हरवलेली.

"तू इतिहास शिकून राहिली ना वं?" मोठे बाबा म्हणाले. "मंग शोध हिचं नाव."

मी भोसल्यांच्या काळातला शेतसारा शिकत होते. पण सांगता कोणाला? सायकल काढली आणि म्हातारे गाठत सुटले. ही गाडी एके काळी अर्ध्या शहराच्या वरातींना जायची, त्यामुळे साक्षीदारांना तोटा नव्हता. प्रत्येकानं चहा पाजला आणि ती गाडी आपण स्वतः कशी ढकलली ते सांगितलं. इतवारीतल्या एका सराफानं ती सीताबर्डीपर्यंत ढकलली होती. एका निवृत्त मास्तरांनी तर स्वतःच्या लग्नात, बाशिंग बांधलेलं असताना ढकलली होती. नाव मात्र कोणालाच आठवेना. नाव समोर असतं आणि आम्ही सारे मागे होतो, असं मास्तरांनी मला समजावलं. मग समोर कोण होतं? बँडवाले! एक म्हातारा बँडवाला शोधून काढला, तर तो म्हणाला, बाई, बँडची पाठ असते गाडीकडे. लोकांचे लग्नाचे फोटो मागवले. प्रत्येक फोटोत झेंडूचा एक ढीग आणि त्यातून डोकावणारे दोन दिवे.

मी हात हलवत घरी आले की मोठे बाबा विचारायचे, कोणी काही नाव सांगितलं का, कोणतंही? मला वाटायचं, बिचारे किती आतुर झालेत.

मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, उमरेडकडच्या खेड्यातली. शाळेचं तोंड न पाहिलेली. मिरवणूक जवळ आली तशी ती चिंच लावून दिवे घासायला बसली आणि दोन दिवसांत तिचा दंड धरला. मी बाम चोळायला ब्लाउजची बाही वर सारली, तर आत गोंदण. वळणदार इंग्रजी अक्षरं, हिरवी पडलेली.

हे काय, म्हणून विचारलं तर ती चक्क लाजली. म्हणे, यांचं नाव. लग्न होऊन आली तेव्हा बायका नवऱ्याचं नाव गोंदवून घेत. हिला लिहिता येईना, आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं? पण बैलगाडीवर मालकाचं नाव असतं, तसं मोटारीवरही असणारच. तिनं गोंदणारीला सरळ मोटारीसमोर बसवलं आणि पितळी पाटीवरून जसंच्या तसं उतरवून घेतलं.

मी वाचलं. ते फ्रान्समधल्या कुठल्याशा कंपनीचं नाव होतं. माझं तोंड उघडणार, तोच मोठे बाबा दारात दिसले. त्यांनी मला मनगट धरून थेट मागच्या विहिरीपाशी नेलं.

"चूप राय," ते म्हणाले. "तिले वाटते, ते माह्यं नाव आहे."

पाटी हरवलीच नव्हती. घरातली पोरं इंग्रजी वाचायला लागली तेव्हा त्यांनीच ती काढून अंबाझरी तलावात टाकली होती. आता तेच कंपनीचं नाव म्हणून समोर लावलं, तर मोठी आई ती अक्षरं ओळखणार. म्हणून त्यांना दुसरं कुठलंही नाव हवं होतं, साक्षीदारासकट. गावात एवढे भैताड भरलेत, एकानं तरी चुकीचं नाव सांगावं की नाही, असं ते माझ्यावरच करवादले. मला आधी संताप आला, मग हसू फुटलं. एवढ्या वर्षांत या माणसानं ब्र काढला नव्हता.

"गाडी नाई गेली तं चालन," ते म्हणाले. "तिले नाई समजलं पाहिजे."

तरी मिरवणुकीच्या दिवशी मोठी आई नवं लुगडं नेसून गाडीत बसली, तेव्हा त्यांना नाही म्हणवेना. मैदानाच्या फाटकावर मुंबईचे परीक्षक आले आणि त्यांनी गाडीचं नाव विचारलं. मोठ्या बाबांनी घाम पुसला आणि स्वतःचं नाव सांगितलं.

अशी कुठली कंपनी ऐकलेली नाही, असं परीक्षक म्हणाले.

"म्हणूनच तं दुर्मिळ आहे," मोठे बाबा म्हणाले.

परीक्षकांनी गाडी बाजूला घ्यायची खूण केली. तेव्हा मोठी आई खाली उतरली. परक्या पुरुषापुढे पदर सावरून गप्प उभी राहणारी बाई, पण नवऱ्याला कोणी खोटं पाडावं, हे काही तिला सहन होईना. तिनं बाही वर सारून दंड त्यांच्यापुढे धरला.

"हे गाडीवरूनच उतरवलं आहे," ती म्हणाली. "वाचा. याइचंच नाव आहे का नाई?"

परीक्षक वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले. मग गाडीकडे असे बघायला लागले, जणू देव्हाऱ्यासमोर उभे आहेत. मग त्यांनी मोठ्या बाबांकडे पाहिलं. मोठ्या बाबांनी स्टिअरिंगवरचे हात उचलले आणि जोडले.

"बरोबर आहे बाई," परीक्षक हळूच म्हणाले. "हेच नाव."

पेंटरनं तिच्या दंडावरचं बघूनच पाटी रंगवली. ती लावून झाल्यावर मोठी आई समोर जाऊन उभी राहिली, मन भरेस्तोवर पाहिलं आणि म्हणाली, तुमचं नाव लय चांगलं दिसते.

मोठे बाबा गाडीतून उतरून तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"हाव," ते म्हणाले. "माह्यंच आहे."